शुक्रवारचे तीन होकार

१

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. पलीकडे दूरच्या एका इस्पितळातला यंत्रं सांभाळणारा माणूस होता. त्याने सरळ विचारलं, की तुम्ही नवा प्रोग्राम पाठवलाय का? सलाइनचे थेंब मोजणारी तुमची यंत्रं सकाळपासून "नवीन आलंय, बसवू का" म्हणून विचारताहेत. मोहोर तुमचीच दिसतेय. पण दर वेळी आधी तुमचा फोन येतो आणि या वेळी आला नाही, म्हणून मी हात लावला नाही.

ऑफिसातून कोणीच काही पाठवलं नव्हतं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं. एक लांबट खोली, चार टेबलं, टोकाला काचेच्या दाराची छोटी खोली आणि खिडकीत ओळीने कुंड्या. रोग्याच्या नसेत सलाइन किती वेगाने जावं हे ठरवणारी जी यंत्रं असतात, त्यांचा प्रोग्राम इथे लिहिला जाई. ती यंत्रं कोणाचंही ऐकत नसत. प्रोग्रामवर या ऑफिसची मोहोर असेल तरच ऐकत. ही मोहोर शाईची नव्हती. कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलेला तो एक लांबलचक गुप्त आकडा होता. आकडा ज्याच्या हाती, त्याच्या शब्दावर थेंब पडणार. आणि तो आकडा आता भलत्याच कोणाच्या तरी हाती गेला होता.

ऑफिसच्या मालकांना सगळे साहेब म्हणत. त्यांनी आधी ती मोहोर रद्द केली, मग ऑफिसातल्यांना एकेका इस्पितळाला फोन लावायला बसवलं. दुपारी बारापर्यंत कळलं, की कुठेही तो परका प्रोग्राम बसवलेला नाही. नशीब बलवत्तर. साहेब घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी कुलूपकाकांना बोलावणं धाडलं.

कुलूपकाकांनी अर्धं आयुष्य कुलपं दुरुस्त केली होती. लोकांनी दाराला आकड्यांची कुलपं लावायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी पन्नाशीला टेकता टेकता कॉम्प्युटर शिकून घेतला. आता कुठे कॉम्प्युटरमध्ये कोणी चोरून शिरलं, की त्यांना बोलावत. खिशात मात्र ते अजून एक जुनी लोखंडी किल्ली बाळगत. ती किल्ली ज्या दाराची, ते दार पाडून जमाना झाला होता.

साहेबांनी त्यांच्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला. मोहोर कोणत्या मशीनवरून गेली ते त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. शुक्रवार, दुपारी एक वाजून पंधरा मिनिटं. मशीन चिमणीचं.

"पाच वाजता इस्पितळांना हे लेखी जाणार," साहेब म्हणाले. "तिचं नाव घातलंय. तुम्ही फक्त तिने कसं केलं तेवढं शोधा."

कागदावर ते नाव एकदा गेलं, की त्या पोरीला जन्मात कोणी यंत्राच्या जवळ बसू देणार नव्हतं. काकांनी घड्याळ पाहिलं. साडेबारा वाजले होते.

२

चिमणी म्हणजे ऑफिसातली सगळ्यात लहान प्रोग्रामर. अंगाने एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. पण तिच्या हातचं काम मास्तर दोनदा तपासत नसत, यातच सगळं आलं.

मास्तर पूर्वी शाळेत शिकवत. आता ते इथल्या प्रोग्राममधल्या चुका काढत आणि छापील कागदावर अजूनही लाल पेनने खुणा करत. पुढच्या महिन्यात ते दुसरीकडे जाणार होते आणि हे सांगितल्यापासून साहेबांशी त्यांचं धड बोलणं नव्हतं. साहेबांना चिमणीच्या खालोखाल संशय त्यांचाच.

काकांनी चिमणीला समोर बसवलं. तिने सगळ्याची उत्तरं दिली, पण जोखून, हात राखून. मी एक वाजून दोन मिनिटांनी जेवायला उठले, ती म्हणाली. एक तेहतीसला परत आले. मशीनला पासवर्ड लावून गेले नाही, विसरले.

"रोज विसरतेस?" काकांनी विचारलं.

ती मान खाली घालून बसली. काकांनी मशीनची नोंद आधीच चाळली होती. गेल्या चार महिन्यांत जेवणाच्या सुट्टीत तिने एकदाही कुलूप लावलेलं नव्हतं. आणि संध्याकाळी घरी जाताना एकदाही लावायचं राहिलं नव्हतं.

"माझी चूक आहे काका," ती एवढंच म्हणाली. "तसं लिहा. मी सही करते."

काकांनी पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. चोर कबुली देतो तेव्हा तिच्यात कुठे तरी सवलत मागतो. या पोरीने काहीच मागितलं नाही. ती कोणाला तरी पाठीशी घालत होती.

३

मास्तरांनी शुक्रवारी दुपारी आपण कुठे होतो ते न विचारताच सांगितलं. खाली रस्त्यावर उभं राहून नव्या ठिकाणच्या लोकांशी फोनवर बोलत होते. दारावरच्या रखवालदाराने पाहिलं होतं. साहेब काचेच्या खोलीत दार लावून, पडदा ओढून जेवत होते. त्यांचा डबा वहिनींनी एक वाजता आणून दिला होता.

वहिनी म्हणजे साहेबांच्या थोरल्या भावाची बायको. ऑफिस त्या थोरल्या भावानेच उभं केलं होतं. सगळे त्यांना दादा म्हणत. दादा जाऊन चौदा महिने झाले होते. वहिनी रोज दुपारी डबा घेऊन येत, कुंड्यांना पाणी घालत, दोनच्या आत परत जात. ऑफिसच्या कामात त्यांचं काही नव्हतं.

"आणि ती पोरगी जेवते कुठे?" काकांनी विचारलं.

मास्तर हसले. "तेच तर कोडं आहे. इथे चांगलं टेबल आहे, पंखा आहे. आणि ही जिन्यात बसून जेवते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर. काल मी फोन आटपून वर यायला लागलो, तर मला अडवून कितीतरी वेळ काय काय शंका विचारत बसली. डब्यातली भाजी तशीच."

काकांनी हे मनात टिपून ठेवलं. जिन्याच्या वळणावरून वर येणारा प्रत्येक माणूस दिसतो. ती पोरगी तिथे जेवायला बसत नव्हती. राखणीला बसत होती.

मग ते चिमणीच्या मशीनपुढे बसले. हे मशीन मुळात दादांचं होतं आणि बारीकसारीक हालचालीची नोंद ठेवणारा प्रोग्राम दादांनीच त्यावर बसवला होता. काकांनी शुक्रवारची दुपार ओळीने वाचायला घेतली. एक वाजून नऊ मिनिटांनी कोणी तरी कोड लिहायचा एडिटर उघडला होता. पण त्याने काही लिहिलं नव्हतं, काही शोधलं नव्हतं. आधी पडद्यावरची अक्षरं मोठी केली होती.

काकांचा हात माउसवर थांबला. चोरी करायला आलेला माणूस अक्षरं कशाला मोठी करेल?

४

साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी लगेच मास्तरांच्या जाड चष्म्याकडे बोट दाखवलं. मास्तर लालबुंद झाले. काकांनी दोघांनाही हाताने बसायची खूण केली.

अक्षरं मोठी करायला तुम्ही काय करता, असं त्यांनी मास्तरांना विचारलं. मास्तरांनी न बघता दोन बटणं एकदम दाबून दाखवली. इथे बसणारा कोणीही तेच करेल, ते म्हणाले.

नोंदीत तसं नव्हतं. तिथे वरची यादी उघडली होती, खाली येऊन 'मोठं करा' निवडलं होतं. पुन्हा यादी, पुन्हा 'मोठं करा'. असं सात वेळा. आणि एक एकोणतीसला त्याच वाटेने सात वेळा लहान. वस्तू होती तिथे परत ठेवून जाणाऱ्या माणसासारखं.

साहेबांचा चष्म्याचा मुद्दा तिथेच बारगळला. ते काचेच्या खोलीत गेले. तीन वाजायला आले होते.

मधल्या वीस मिनिटांत त्या माणसाने एकच फोल्डर उघडलं होतं. फोल्डरचं नाव 'पाटी'. काकांनी विचारलं, की हे काय आहे? मास्तरांनी एकदा काचेच्या खोलीकडे पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात सांगू लागले.

'पाटी' हे दादांनी फावल्या वेळात केलेलं छोटं अवजार होतं. ते त्यांनी जगातल्या कोणालाही वापरता यावं म्हणून इंटरनेटवर खुलं ठेवलं होतं. तिथे दादांच्या नावाने काही नवा बदल आला, की हे मशीन आपणहून विचारायचं, आणू का म्हणून. आणि दादांची एक खोड होती. ते प्रत्येक फोल्डरमध्ये कॉम्प्युटरसाठी एक लहानशी सूचना लिहून ठेवत, की उघडणाऱ्याचं स्वागत कर. सोमवारी उघडलं की पडद्यावर यायचं, 'आलात? आधी खिडकी उघडा.' बुधवारी, 'पाणी प्या.' गुरुवारी, 'पाठ सरळ.' शुक्रवारी, 'आज काही पाठवणार असाल तर दोघांनी बघा आणि आधी फोन करा.'

"पण ते आपोआप नाही यायचं," मास्तर म्हणाले. "परकं फोल्डर उघडलं की एडिटर विचारतो ना, हे लिहिणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का? हो म्हटलं तरच आतल्या सूचना चालतात. नाही म्हटलं तर नुसतं वाचता येतं. एरवी एडिटर एकदाच विचारतो. दादांनी दर वेळी विचारेल असं करून ठेवलं होतं. शिस्त म्हणे."

"आणि तुम्ही सगळे दर वेळी हो म्हणायचा."

"दादांच्या फोल्डरला नाही कोण म्हणणार?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ते गेल्यावर तर जास्तच. मी स्वतः काही काम नसताना उघडायचो. तेवढंच दोन शब्द ऐकल्यासारखं वाटायचं. मग सहा महिन्यांपूर्वी साहेबांनी हुकूम काढला, की हा पोरकटपणा सगळ्या फोल्डरमधून काढून टाका. काढला. या मशीनवरचं 'पाटी' तेवढं नजरेतून सुटलं."

काकांनी नोंदीची पुढची ओळ पाहिली. एक वाजून बारा मिनिटं. मशीनने विचारलं होतं, 'नवीन बदल आला आहे. आणू?' बदल पाठवणाऱ्याचं नाव दादांचं होतं.

चौदा महिन्यांपूर्वी गेलेल्या माणसाने शुक्रवारी सकाळी बदल पाठवला होता. आणि कोणी तरी 'हो' म्हटलं होतं.

५

काकांनी ते फोल्डर उघडलं. विश्वास आहे का, या प्रश्नाला त्यांनी 'नाही' म्हटलं, म्हणजे आतलं काही चालणार नव्हतं. मग ओळ न् ओळ वाचली. स्वागताची सूचना जिथे असायला हवी तिथे ती नव्हती. तिच्या जागी दुसरीच सूचना होती, आखूड आणि कोरडी. उघडणाऱ्याने होकार दिला, की बाहेरच्या कुठल्याशा मशीनवरून हुकूम घे आणि इथे चालव. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूस या टेबलावर येऊन बसल्यासारखा. पहिल्याच होकाराला त्याने आत शिरून मोहोर उचलली होती.

पण होकार एक नव्हता, तीन होते. एक चौदा, एक सतरा, एक एकवीस. तीनदा फोल्डर उघडलं, तीनदा विश्वास आहे म्हटलं, तीनदा बंद केलं.

काकांनी खिशातली किल्ली मुठीत धरली. चोर कडी एकदाच काढतो. आत शिरल्यावर पुन्हा बाहेर येऊन कडी कोण वाजवेल? पुन्हा पुन्हा तोच वाजवतो, ज्याला आतून नेहमीची हाक यायची असते आणि ती येत नाही.

या ऑफिसात दोन बटणांची युक्ती माहीत नसलेलं, मोठ्या अक्षरांशिवाय वाचता न येणारं, रोज एक ते दोनमध्ये इथे असणारं माणूस एकच होतं.

मागे पाण्याचा आवाज झाला. शनिवारी डबा नसतो. तरी ऑफिसात काही तरी झालंय हे कानावर आलं म्हणून वहिनी आल्या होत्या आणि करायला दुसरं काही नाही म्हणून कुंड्यांना पाणी घालत होत्या. काका उठून त्यांच्याजवळ गेले.

"शुक्रवारी दादांनी काही म्हटलं नाही, होय ना?" काकांनी विचारलं.

कुंडी भरून पाणी खिडकीच्या कट्ट्यावरून ओघळायला लागलं तरी वहिनींचा हात तसाच राहिला.

६

साडेचार वाजता सगळे मधल्या टेबलाशी जमले. साहेबांनी कागद आणि पेन चिमणीपुढे ठेवलं. तिने पेन उचललं. काका म्हणाले, थांब, आधी मी कसं झालं ते सांगतो, कोणी ते मागून बघू. त्यांनी अक्षरांचं सांगितलं, यादीतून सात वेळा जाण्याचं सांगितलं, तीन होकारांचं सांगितलं. नाव मात्र घेतलं नाही. घ्यायला जीभ वळेना.

"मी दाबलं," वहिनी म्हणाल्या.

साहेबांना आधी काही समजलंच नाही. वहिनी उभ्याच राहिल्या आणि शाळेत उत्तर द्यावं तशा बोलत गेल्या. चार महिन्यांपूर्वी चिमणीने त्यांना एकदा दादांच्या जुन्या खुर्चीत नुसतं बसलेलं पाहिलं. तिनेच ते फोल्डर दाखवलं, कुठे दाबायचं ते शिकवलं आणि त्या दिवसापासून ती जिन्यात जेवायला लागली. भाऊजींना कळलं तर तेवढंही पुसून टाकतील, म्हणून दोघी गप्प.

"वहिनी, दादा जाऊन वर्ष उलटलं," साहेब म्हणाले. "त्याच्या नावाने काही येईलच कसं? एवढं तुम्हाला कळू नये?"

"कळत होतं भाऊजी. मी काही वेडी नाही. पण नाव दिसलं आणि हात पुढे झाला. मग रोजचं वाक्य आलं नाही. म्हटलं माझंच काही तरी चुकलं असेल. म्हणून परत. तिसऱ्यांदा का दाबलं ते नका विचारू."

साहेबांनी कागद हातात घेतला, आणि आता त्यावर कोणाचं नाव घालायचं ते त्यांना सुचेना.

"अजून एक दार राहिलंय," काका म्हणाले. "परक्याला दादांचं नाव मिळालं कसं?"

ते त्यांनी तासाभरापूर्वी शोधून काढलं होतं. दादांचा ईमेलचा पत्ता त्यांच्या स्वतःच्या एका इंटरनेटवरच्या नावाखाली, म्हणजे डोमेनखाली, होता. असं नाव दर वर्षी नव्याने नोंदवावं लागतं. नाही नोंदवलं तर ते मोकळं होतं आणि कोणीही ते आपल्या नावावर घेऊ शकतो. ज्याने घेतलं त्याने दादांच्या पत्त्यावर पत्रं मागवली, 'पाटी' ठेवलेल्या जागी पासवर्ड विसरलो म्हटलं, नवा पासवर्ड त्याच्या हातात पडला. त्या दिवसापासून जगासाठी तो दादा होता.

नोंदणीची आठवण करून देणारी पत्रं ऑफिसात आली होती. तीन आली होती. साहेबांनी तिन्ही न उघडता टाकून दिली होती, कारण वर भावाचं नाव होतं.

"मला ते नाव बघवत नव्हतं," साहेब खाली बसत म्हणाले. दिवसभरात त्यांना प्रथमच बसलेलं पाहिलं, असं नंतर मास्तर म्हणाले. "ती फोल्डरं पण... दर सकाळी तो बोलायचा. कसं काम करायचं माणसाने?"

मास्तरांनी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला. एकाला नाव बघवत नव्हतं म्हणून दार सताड उघडं राहिलं, दुसरीला नाव बघितल्यावाचून राहवत नव्हतं म्हणून चोर आत आला. मधल्या मध्ये त्या लहान पोरीच्या हातात पेन होतं. साहेबांनी ते काढून घेतलं, टाइप केलेला कागद फाडला आणि नव्यावर हाताने लिहायला घेतलं. भोक कुठे होतं, ते कसं बुजवलं, यंत्रं का वाचली. यंत्रं वाचली ती दादांच्याच सवयीमुळे, आधी फोन करायच्या, हेही लिहिलं. खाली सही स्वतःची केली.

पाचला कागद गेला.

७

काकांनी परक्याचा बदल पुसायच्या आधी मागची प्रत काढली. असल्या फोल्डरमध्ये जुनं काही मरत नाही, प्रत्येक बदलाच्या आधीची प्रत खाली राहते. त्यांनी वहिनींना खुर्चीत बसवलं आणि अक्षरं मोठी केली. दोन बटणांनी नाही, वरच्या यादीतून, सात वेळा. एडिटरने विचारलं, हे लिहिणाऱ्यावर तुमचा विश्वास आहे का? वहिनींनी काकांकडे पाहिलं.

"आता नाही म्हणा," काका म्हणाले. "नाही म्हटलं तरी वाचता येतं. चालणार नाही, एवढंच."

त्यांनी 'नाही' दाबलं.

पडद्यावर दादांनी लिहिलेली सूचना आली. वाराप्रमाणे कोणतं वाक्य दाखवायचं त्याची यादी. वहिनी ओठ हलवत एकेक वाचत खाली आल्या. सोमवारची खिडकी, मंगळवारचं 'अडलेलं बाजूला ठेवा, सोपं आधी करा', बुधवारचं पाणी, गुरुवारची पाठ. शुक्रवारचं, जे काल आलं नव्हतं. शनिवारचं, 'आज लवकर निघा.' पहिली पाच त्यांना पाठ होती, सहावं चिमणीने कधीच सांगितलं होतं.

खाली सातवी ओळ होती.

रविवारी ऑफिस बंद असे. रविवारी इथे दुसऱ्या कोणी कधी फोल्डर उघडलं नव्हतं, म्हणून ते वाक्य कोणी पाहिलेलं नव्हतं. मास्तरांनी नाही, चिमणीनेही नाही. रविवारी इथे एकच माणूस येई. सकाळी तासाभरात येतो म्हणून घरातून निघे. मग दुपार उलटायची, ताटं मांडलेली राहायची, आणि चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत बहुतेक रविवारी वहिनींचं आणि त्याचं त्यावरून वाजायचं.

वहिनींनी ती ओळ बोट लावून वाचली.

'आज रविवार. ती जेवायची थांबली असेल. ऊठ.'

खिडकीतल्या कुंडीतून पाणी थेंब थेंब खाली पडत होतं.

"एखाद्या रविवारी मी विचारायचे, आज कसे लवकर आलात," वहिनी म्हणाल्या. "तर म्हणायचे, भूक लागली म्हणून आलो." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि पडद्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "खोटारडे."

मग अक्षरं पुन्हा लहान केली, एकेक करून, सात वेळा. आणि उठल्या.